शाळेत प्रवेश आणि वर्गात जागा : रत्नागिरी जिल्ह्यातला एक लांबलेला लढा



शाळांमधल्या भेदाविरुद्धचा लढा म्हटलं की आपल्याला लगेच अमेरिका आठवते. काळ्या मुलांची शाळा वेगळी, गोऱ्यांची वेगळी, आणि मग 1954 सालचा तो प्रसिद्ध निकाल. अमेरिकेकडे मी येणार आहे, पण शेवटी. आधी आपल्याच जिल्ह्यात फिरून येऊ. कारण तिकडे सर्वोच्च न्यायालयात जो प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यावर उभा राहिला, तो आपल्या दापोलीत त्याच्या साठ वर्षं आधी उभा राहिला होता. तो तिथे काही पेन्शनर शिपायांनी, सुभेदार-जमादारांनी उभा केला होता.

एक खुलासा आधीच करतो. जात म्हणजे वंश नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, आणि मला ते पटतं. तेव्हा अमेरिकेतला वर्णभेद आणि आपली अस्पृश्यता एकच, असं मी म्हणत नाही. मात्र शाळेच्या दारात दोन्हींचं वागणं इतकं सारखं आहे की एकाच्या उजेडात दुसरं स्पष्ट दिसतं.

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे शब्द सुटे करून पाहायची खोड आहे. आजच्या विषयात दोन शब्द सुटे करायचे आहेत. एक 'प्रवेश' आणि दुसरा 'जागा'. मुलाचं नाव हजेरीपटावर चढलं की त्याला प्रवेश मिळाला. पण ते बसतं कुठे, कोणाशेजारी, त्याची पाटी मास्तर हातात घेतात की लांबूनच बघतात, तहान लागली तर ते काय करतं, हा जागेचा प्रश्न झाला. आपल्याकडे प्रवेशाचा प्रश्न कागदावर लवकर सुटला. जागेचा प्रश्न सुटायला त्यानंतर पाऊण शतक लागलं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. आता ते कसं घडलं ते बघू.

धारवाडचा अर्ज

सुरुवात रत्नागिरीबाहेर आहे, पण आपल्याच मुंबई इलाख्यात. 1856 च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. मुलाची लायकी नाही असं कोणी म्हटलं नाही. सरकारचं उत्तर असं होतं की एकदोन मुलांसाठी दार उघडलं तर बाकीची सगळी मुलं निघून जातील, आणि मग शाळेचा उपयोगच कोणाला राहणार नाही. हा युक्तिवाद लक्षात ठेवा. 'आमचा विरोध नाही हो, पण लोक ऐकणार नाहीत' हा त्याचा सारांश. पुढची शंभर वर्षं हे वाक्य वेगवेगळ्या तोंडांतून ऐकू येतं.

प्रकरण कलकत्त्याला गेलं, तिथून लंडनला गेलं. 1858 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी निर्णय दिला की सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत. तत्त्वाचा प्रश्न तिथेच संपला. म्हणजे आपल्या देशात हा हक्क मान्य झाला 1858 साली!

पण 1882 साली हंटर आयोग बसला तेव्हा काय दिसलं? आयोगाने तत्त्व पुन्हा मान्य केलं आणि सावधगिरीने पुढे म्हटलं की जिथे अशी मुलं पुरेशी असतील तिथे त्यांच्यासाठी खास शाळा, खास वर्ग काढायला उत्तेजन द्यावं. याच आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं होतं. फुल्यांनी तर 1850 च्या दशकातच पुण्यात महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा चालवून दाखवल्या होत्या. त्या शाळा वेगळ्या होत्या हे खरं. पण दार बंद आहे म्हणून आपण वेगळी शाळा काढणं, आणि दार बंदच राहावं म्हणून सरकारने वेगळी शाळा काढणं, यात फरक आहे. बाहेरून दोन्ही इमारती सारख्याच दिसतात. शाळा कोणी काढली आणि कशासाठी काढली, हे विचारल्याशिवाय त्यांतला फरक कळत नाही.

दापोलीची पडवी

आता दापोली. आजही जुनी माणसं 'कॅम्प दापोली' म्हणतात. इंग्रजांच्या काळात ही लष्करी छावणी होती, आणि कोकणातल्या महार पलटणीतले, चांभार समाजातले निवृत्त लोक इथे पेन्शन घेऊन राहायला येत. हा वर्ग नीट समजून घ्यायला हवा. लष्करात असताना ही माणसं लिहायला-वाचायला शिकली होती. पलटणीच्या शाळेत त्यांची मुलं, मुलीसुद्धा, शिकत होती. महिन्याला बांधलेली पेन्शन येत होती, त्यामुळे गावच्या खोताच्या तोंडाकडे बघायची गरज नव्हती. आणि सरकारशी अर्जाच्या भाषेत कसं बोलायचं, हे त्यांना माहीत होतं.

गोपाळबाबा वलंगकर याच वर्गातले. मूळचे महाडजवळच्या रावढळचे. लष्करातून 1886 साली निवृत्त होऊन दापोलीला राहिले. 1888 साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. तिची रीत मला फार आवडते, ती प्रश्नांची रीत आहे. विटाळ म्हणजे काय, तो कुठून आला, शास्त्रात कुठे आहे, सांगा बरं, असं ते पंडितांना विचारतात. सिद्धतेची जबाबदारी कोणावर, हा तर्कशास्त्रातला मूलभूत प्रश्न. तो या निवृत्त शिपायाने बरोबर उलटा फिरवला. आम्ही शुद्ध आहोत हे आम्ही कशाला सिद्ध करायचं? आम्ही अशुद्ध आहोत हे तुम्ही सिद्ध करा.

या वस्तीतल्या पेन्शनरांनी 1892 च्या सुमारास सरकारकडे अर्ज केला की आमच्या मुलांना दापोलीच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत घ्या. शाळा सार्वजनिक पैशावर चालते, आम्ही इथले रहिवासी आहोत, तर आमची मुलं बाहेर का? प्रवेश नाकारणं कायद्याने शक्यच नव्हतं. मग मुलांना कुठे बसवलं? शाळेच्या व्हरांड्यात. आपल्या भाषेत पडवीत.

पडवी म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पडवी घराची असते, पण ती घर नसते. पावसाची झड तिथे येते. आतलं बोलणं ऐकू येतं, पण आपण आत नसतो. म्युनिसिपालिटीला सरकारकडे सांगता येतं, 'मुलं शाळेत आहेत.' गावकऱ्यांना सांगता येतं, 'मुलं वर्गात नाहीत.' दोन्ही विधानं खरी, आणि मूल मधल्या मध्ये लटकलेलं. नकारापेक्षाही हे अवघड. नकाराविरुद्ध अर्ज करता येतो. पडवीविरुद्ध अर्ज केला की सरकार विचारतं, 'तुमच्या मुलाचं नाव पटावर आहे ना? मग तक्रार कसली?'

1892-93 च्या सुमारास महारांची लष्करभरतीही बंद झाली. म्हणजे ज्या नोकरीच्या बळावर ही माणसं अर्ज करायला उभी राहिली होती, तो पायाच काढून घेतला गेला. त्याविरुद्ध 1894 चा अर्ज लिहिण्यातही वलंगकर पुढे होते. शाळा आणि नोकरी हे त्यांच्या दृष्टीने एकाच दोरीचे दोन पदर होते.

याच दापोलीत काही काळ सुभेदार रामजी सकपाळ यांचं बिऱ्हाड होतं. सकपाळांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. बाळ भीमरावाच्या शिक्षणाची सुरुवात चरित्रकारांनी इथलीच सांगितली आहे. पुढे कुटुंब साताऱ्याला गेलं आणि 7 नोव्हेंबर 1900 रोजी तिथल्या सरकारी शाळेत त्याचं नाव घातलं गेलं. महाराष्ट्रात हा दिवस आता 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळतात. त्या शाळेतल्या आठवणी बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. बसायला घरून नेलेलं गोणपाट, तेही शाळेतल्या गड्याने शिवायचं नाही म्हणून रोज परत न्यायचं. शाळेतला शिपाई असेल तर वरून पाणी मिळणार, तो नसेल तर दिवसभर कोरडं राहायचं. प्रवेश होता. शाळा सरकारी होती. जागा मात्र गोणपाटाएवढी.

1923 : दोन ठराव आणि एक कायदा

1923 हे वर्ष महत्त्वाचं आहे. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे शिक्षणमंत्री होते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. त्या वर्षी सरकारने ठराव केला की ज्या अनुदानित शाळा अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारतील त्यांना अनुदान मिळणार नाही. त्याच वर्षी 4 ऑगस्टला सीताराम केशव बोले यांचा ठराव कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने, कचेऱ्या आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या. महाडचा 1927 चा सत्याग्रह याच ठरावाच्या आधाराने झाला, हे आपल्याला माहीत आहे. ठरावातलं पाणी आपण लक्षात ठेवलं, शाळा विसरलो.

आणि 1923 सालीच प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. त्याने प्राथमिक शाळा सरकारकडून काढून लोकल बोर्डांच्या, म्युनिसिपालिट्यांच्या हाती दिल्या. ऐकायला किती छान! लोकांच्या शाळा लोकांच्या हाती. पण बोर्डावर लोक कोणते? ज्यांच्या दबावामुळे मूल पडवीत बसत होतं, तेच. 1928 साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे जे निवेदन दिलं, त्यात नेमकी हीच तक्रार आहे. अधिकार खाली गेला म्हणजे न्याय खाली गेला असं होत नाही. तो कोणाच्या हातात गेला ते बघावं लागतं.

तेव्हाच्या खेड्यातली स्थिती डोळ्यांपुढे आणा. बोर्डाची एकशिक्षकी शाळा, बहुधा कोणाच्या तरी ओटीवर किंवा देवळात भरणारी. देवळात भरणाऱ्या शाळेत अस्पृश्य मूल जाणार कसं? मास्तर परगावचा, राहायला खोली खोताची. वर्षातून एकदा डिपोटीसाहेब तपासणीला येणार. मुलाचा बाप खोताचं कूळ. त्याने तक्रार केली तर जमीन जाते. आपल्या जिल्ह्यात शाळेचा प्रश्न आणि खोतीचा प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत. 1929 च्या एप्रिलमध्ये चिपळूणला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची बहिष्कृत परिषद झाली, तिथे खोतीचा प्रश्न पुढे आला. 1937 साली त्यांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल आणलं. दापोलीचे पेन्शनर अर्ज करू शकले, कारण ते खोताचे मिंधे नव्हते. ज्याच्या पायाखालची जमीन दुसऱ्याची आहे, त्याने वर्गातली जागा मागायची कशी?

सरमिसळ

जानेवारी 1924 मध्ये विनायक दामोदर सावरकरांना रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध करण्यात आलं. जिल्ह्याबाहेर जायचं नाही, राजकारण करायचं नाही, या अटी. 1937 पर्यंत ते इथे होते. या काळात त्यांनी जे सामाजिक काम केलं, त्यातलं पतितपावन मंदिर सगळ्यांना माहीत आहे. भागोजीशेठ कीरांनी ते बांधलं, 1931 साली ते उघडलं. मंदिर डोळ्यांना दिसतं, म्हणून लक्षात राहतं. शाळांमधलं काम दिसत नाही. माझ्या मते मोलाचं काम ते होतं.

त्या चळवळीचा शब्द होता 'सरमिसळ'. मुलांना शाळेत घ्या, एवढी मागणी नव्हती. मुलांना सरमिसळ बसवा, अशी मागणी होती. 1923 चा ठराव कागदावर होता, पण वर्गात ओळ वेगळी, बसकर वेगळं. हा शब्द मला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार अचूक वाटतो, कारण त्यात प्रवेश आणि जागा यांतला फरक आधीच पकडलेला आहे. रत्नागिरी शहरात, आणि मालवणसारख्या, आज सिंधुदुर्गात असलेल्या पण 1981 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या गावांतही हा विषय त्यांनी लावून धरला. सभा, लेख, अधिकाऱ्यांच्या भेटी, पालकांशी वाद. लोकांच्या धमक्या जुन्याच होत्या. 'मुलं काढून घेऊ, शाळा ओस पडेल.' म्हणजे धारवाडचा युक्तिवाद, सत्तर वर्षांनी, जसाच्या तसा.

आता इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट म्हटली पाहिजे, नाहीतर इतिहास सांगताना आपण गौरवगीत गाऊ लागतो. सावरकरांना सरमिसळ हवी होती ती मुख्यतः हिंदू समाज एकसंध व्हावा म्हणून. आंबेडकरांना हवी होती ती माणूस म्हणून, नागरिक म्हणून असलेल्या हक्कासाठी. वर्गात दोन्हींचा परिणाम एकच दिसतो, मूल मुलाशेजारी बसतं. पण कारण वेगळं असलं की मर्यादाही वेगळी पडते. ऐक्यासाठी दिलेली जागा देणाऱ्याच्या मोठेपणावर टिकते. हक्काने घेतलेली जागा परत घेता येत नाही. आपल्या रत्नागिरीच्याच धनंजय कीरांनी दोघांचीही चरित्रं लिहिली. ती दोन्ही शेजारी ठेवून वाचा. हा फरक तुम्हाला स्वतःला दिसेल.

आणि आंबा घाट चढून गेलं की कोल्हापूर. तिथे शाहू महाराजांनी 1919 सालीच अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढला होता. संस्थानात हुकूम निघाला की तो बजावणारं एकच डोकं असतं. आपल्याकडे बोर्डातली अनेक डोकी फिरवायची होती.

ओक्लाहोमातला कोपरा

आता अमेरिका. 1954 चा ब्राऊन खटला सर्वांना माहीत आहे. वेगळ्या शाळा मुळातच असमान असतात, असा एकमुखी निर्णय. पण त्याच्या चार वर्षं आधीचा एक खटला मला जास्त बोलका वाटतो. जॉर्ज मॅकलॉरिन नावाचे एक प्रौढ काळे शिक्षक ओक्लाहोमा विद्यापीठात डॉक्टरेटसाठी गेले. कोर्टाच्या आदेशाने त्यांना प्रवेश मिळाला. मग विद्यापीठाने त्यांना कुठे बसवलं? वर्गाला लागून असलेल्या एका कोनाड्यासारख्या खोलीत. ग्रंथालयात वेगळं टेबल, खानावळीत वेगळं टेबल. शिक्षक तेच, पुस्तकं तीच, व्याख्यान तेच ऐकू येत होतं.

ही पडवी नव्हे तर काय? दापोलीपासून हजारो मैलांवर, 58 वर्षांनी, अगदी तीच युक्ती!

1950 साली सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. कारण दिलं ते असं : अशाने त्या विद्यार्थ्याच्या अभ्यासाला, चर्चेला, इतर विद्यार्थ्यांशी होणाऱ्या विचारांच्या देवाणघेवाणीला बाधा येते. म्हणजे शिक्षण केवळ ऐकण्यात नाही, शेजारी बसण्यात आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. कोलंबियात आंबेडकरांचे गुरू असलेले जॉन ड्युई हेच सांगत होते. त्यांच्या मते लोकशाही ही राज्य चालवण्याच्या आधी एकत्र जगण्याची रीत आहे, आणि शाळा ही ती रीत शिकण्याची जागा.

निकालाने सगळं मिटलं असंही नाही. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने एकत्र शाळा चालवण्यापेक्षा 1959 ते 1964 अशी पाच वर्षं सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाल्या, काळी मुलं घरी बसली. धारवाडमध्ये सरकारला जी भीती वाटली होती, ती तिथल्या लोकांनी खरी करून दाखवली. तरीही त्या निकालाचं योग्य ठरणं त्यामुळे कमी होत नाही. लोक ऐकणार नाहीत ही बातमी असू शकते, ते कारण होऊ शकत नाही.

आपल्याकडे संविधानाच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, 29 व्या कलमाने शासनाच्या आणि अनुदानित शाळांत जातीवरून प्रवेश नाकारायला बंदी केली, 1955 च्या कायद्याने तो गुन्हा ठरला. पण कायदा दारापर्यंत पोचवतो. दारापासून बाकापर्यंतचं अंतर मास्तरांनी, बाईंनी, शेजारच्या मुलाच्या आईवडिलांनी कापायचं असतं. आपल्या जिल्ह्यातल्या असंख्य प्राथमिक शिक्षकांनी ते कापलं, गाजावाजा न करता. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत.

माझं भाषण इथे थांबवतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.

श्रोत्यांमधून प्रश्न : सर, आता गावातली जिल्हा परिषदेची शाळा पटसंख्येअभावी बंद व्हायला आली आहे. ज्यांना परवडतं ते मुलांना गाडीने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पाठवतात. याला तुम्ही भेद म्हणाल का?

उत्तर : प्रश्न नेमका आहे. अस्पृश्यता म्हणणार नाही. शब्द स्वस्त करू नयेत. पण मी मघाशी दिलेली कसोटी इथे लावून बघा. कोण कोणाशेजारी बसतं? वाडीतल्या शाळेत उरलेली आठ-दहा मुलं कोणाची आहेत? मोलमजुरी करणाऱ्यांची, बागेत राखणीला आलेल्यांची, बौद्धवाडीतली, कातकरी वस्तीतली. बाकीची गेली. कोणी कोणाला हाकललं नाही, तरी ओळी वेगळ्या झाल्याच. आता वेगळेपणाला कोणाचा हुकूम लागत नाही, फी पुरते.

शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. 2024 साली आपल्या राज्याने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट दिली. उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी रद्द केली. हे सांगण्याचं कारण एवढंच की प्रवेशाचा प्रश्न संपला असं आपण समजतो, आणि तो मागच्या दाराने परत येतो. आणि प्रवेश मिळाला तरी पुढचं विचारा. त्या 25 टक्क्यांतलं मूल वर्गात कुठे बसतं? सहलीला जातं का? त्याच्या वाढदिवसाला वर्गातलं कोण येतं?

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. तुमच्यापैकी बरेच जण शाळा व्यवस्थापन समितीवर आहात, काही निवृत्त शिक्षक आहात. येत्या जूनमध्ये शाळा उघडली की एकदा वर्गात जाऊन बसा. पटसंख्या मोजणारे पुष्कळ आहेत. तुम्ही मुलं कशी बसली आहेत ते बघा, आणि काही खटकलं तर तिथल्या तिथे बाईंशी बोला.